शाकबाबांचा काटा

पैठण रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी लग्न नसलं तरी गर्दी लग्नाचीच असायची. दारात चपलांचा ढीग, आत सतरंज्या, आणि एरवी नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर झेंडूच्या माळा घातलेला वजनकाटा. काट्याशेजारी शाकंभरदास महाराज. लोक त्यांना शाकबाबा म्हणत. बाबा स्वतः चांगले गुबगुबीत होते, पण ते तपाचं तेज, असं सेवेकरी सांगत. तेज नेमकं पोटावरच का साठतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"भात म्हणजे वात, भाकर म्हणजे भार," बाबा माइकवर सांगत होते. "हरीण कधी भाकर थापतं का? फळं खा, कच्चा पाला खा. तुम्ही अन्न सोडा, अन्न तुम्हाला सोडील."

शेवटच्या वाक्याचा अर्थ कुणालाच लागला नाही, म्हणून टाळ्या जास्त पडल्या.

मग आवडाबाईंचं नाव पुकारलं गेलं. पहाटेपासून निर्जळी असलेल्या आवडाबाई हलकं रेशमी सोवळं नेसून, गुडघ्यावर हात ठेवत काट्यावर चढल्या. मागच्या रविवारी संकल्प सोडताना त्या एक्याऐंशी किलो भरल्या होत्या. लाल आकडे थरथरले आणि सत्त्याहत्तरावर थांबले. आठवड्यात चार किलो उतरले. मांडवात शाकंभरी देवीचा जयजयकार झाला आणि आवडाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं.

मागे उभी असलेली त्यांची सून, सरिता, मात्र त्या आकड्याकडे टक लावून बघत होती. ती चितेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. चमत्कार दिसला की तिला आधी शंका यायची आणि मग भीती वाटायची.

भीतीला कारण होतं. आवडाबाईंना जुनी साखर. रोज इन्शुलिनची सुई. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी वजन कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कसं करायचं, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर रांग होती. बाबांना मात्र वेळच वेळ. त्यांनी आवडाबाईंचा हात हातात घेऊन गुडघ्याची सगळी हकीकत ऐकली, माउली म्हणाले, आणि शेवटी सुया देवीपुढे ठेवायला लावल्या. "सुई ही अन्नाची दलाल. अन्नच सुटलं, तर दलालाचं काय काम?"

त्या दिवसापासून घरात चिकू, केळी, द्राक्षं आणि काकडी. भाकरीचा तुकडा नाही, सुई नाही.

"आत्याबाई, निदान सुई तरी घ्या," सरिता रोज विनवायची.

"तुला माझं बरं झालेलं बघवंना व्हय?" आवडाबाई तोंड फिरवायच्या.

नवऱ्याशी, सत्यमशी बोलावं, तर तो काट्यावरच्या आकड्यावर अडून बसलेला. "तूच शिकवतीस ना, मोजल्याशिवाय मानू नका म्हून? मग मोजलं की सगळ्यांसमोर."

आकडा सरितानेही डोळ्यांनी पाहिला होता, आणि तेच तिला जास्त डाचत होतं.

पुढच्या आठवड्यांत आवडाबाई वाळत गेल्या. सारखं पाणी प्यायच्या, सारख्या मोरीत जायच्या, दुपारी बसल्या जागी झोपायच्या. बाबांकडे प्रत्येकाचा अर्थ तयार होता. तहान लागते? विष धुतलं जातंय. थकवा येतो? जुनं मांस जळतंय. काहीही झालं तरी बाबांचंच खरं, असा तो हिशेब होता.

आवडाबाईंनी आपलं नऊवारी लुगडं आजवर कुणाला धुवू दिलं नव्हतं. एका सकाळी ते पिळता पिळता त्या मटकन खालीच बसल्या. हातात जोरच उरला नव्हता. सरिताने त्यांना आत निजवलं आणि निथळतं लुगडं बादलीत घालून गच्चीवर न्यायला उचललं. ओल्या लुगड्याने बादली इतकी जड झाली, की वाकून धरावी लागली. जिन्यात ती थबकली. संकल्प ओलेत्याने सोडायचा असतो. आधी अंगावर घागरी ओतून घ्यायच्या, पोटभर तीर्थ प्यायचं आणि तसंच थबथबत काट्यावर चढायचं. आठवड्याने मात्र उपाशीपोटी, कोरड्या सोवळ्यात. दोन्ही रीती आजेसासवांपासूनच्या. त्यात कोण खोट काढणार? बाबांनी काट्याला बोटही लावलं नव्हतं. त्यांनी फक्त लोकांची श्रद्धा एकदा ओली आणि एकदा कोरडी करून मोजली होती.

रविवारी सरिता म्हणाली, "मलाही संकल्प सोडायचाय." सासूला आणि नवऱ्याला आनंद झाला. सासूचंच जाडं लुगडं नेसून तिने अंगावर पाणी घेतलं, दिलं तेवढं तीर्थ प्यायली आणि काट्यावर उभी राहिली. एकसष्ट किलो. मग ती खाली उतरली, आडोशाला जाऊन ओलं लुगडं बादलीत पिळलं, कोरडी साडी नेसली, डब्यातलं भाकर-पिठलं पोटभर खाल्लं, लघवीला जाऊन आली आणि बाबांचं प्रवचन रंगात आलेलं असताना सरळ स्टेजवर चढली.

"सरिता, खाली उतर," आवडाबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या.

लाल आकडे साडेअठ्ठावन्नावर थांबले.

"बाबा, मी आत्ता भाकर खाऊन आले," सरिताचा आवाज कापत होता, पण माइक जवळच होता. "तरी अडीच किलो उतरले. कशानं, ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

तिने पिळून ठेवलेलं लुगडं आणि त्यातून निघालेल्या पाण्याची बादली स्टेजच्या काठावर ठेवली. सांगण्यासारखं फारसं उरलंच नाही. मागच्या बाया आपापसांत बोलू लागल्या. एक म्हातारा जोरात हसला.

"पाण्याचा नव्हे, पापाचा भार गेला," बाबा सावरून म्हणाले. "संकल्पातच शक्ती आहे."

"मग फळं कशाला?" कुणीतरी विचारलं. बाबांना एकदम जपाची वेळ आठवली.

पण आवडाबाई उठल्या होत्या. "पहिले चार किलो पाण्याचे आसतील. पण त्याच्यानंतर? ही चोळी बघ किती सैल झाली. ते तर खरं उतरलंय ना?"

"खरं उतरलंय, आत्याबाई. त्याचीच मला भीती वाटतीय."

सरिताने पर्समधून साखर तपासायचं यंत्र काढलं आणि सासूचं बोट हातात घेतलं. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर मापाच्या पलीकडे गेली की ते आकडा दाखवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सत्यमने ते पाहिलं आणि रिक्षा आणायला धावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी या वेळी वेळ काढून समजावलं. फळं-भाज्या चांगल्याच, पण नुसत्या चिकू-केळ्यांवर राहिलं की साखर चढते. सुई बंद, म्हणून ती साखर शरीराला वापरता येईना. मग भुकेलं शरीर आपलीच चरबी आणि आपलंच मांस खात सुटलं. वजन उतरत होतं ते असं. अजून एक-दोन दिवस उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. सत्यम भिंतीला टेकून रडला.

आवडाबाई जरा सावरल्यावर शेजारची सरूबाई दवाखान्यात भेटायला आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "बाबा आता लासूर स्टेशनला बसत्यात म्हणं. तिथं लई गुण येतोय. माझ्या सुनंला न्यावं म्हणते. बाळंतपणानं पोट सुटलंय तिचं."

"लेकरू अंगावर पितंय ना तिचं?" आवडाबाईंनी विचारलं.

"व्हय."

आवडाबाईंनी सलाइन लावलेल्या हाताने सरूबाईचं मनगट धरलं. "नेऊ नको, सरू. त्यानं माझा हात धरला, गोड बोलला, पण माझ्या अंगात काय चाललंय ते एकदा बी तपासलं नाय. सुनंला पोटभर जेवू घाल. वजन उतरवायचं तर डॉक्टरला इचार, अन् नाय समजलं तर पुन्हा इचार. बाहेर रांग आसली तरी इचार. मी इचारायला लाजले गं. तेवढ्यानंच मेले आसते."