चौघांचं पाणी

गवंडीकाका फाटकातून आत आले तेव्हा तडतडी अंगणाच्या कडेला उकिडवी बसून मातीशी भांडत होती.

तडतडी म्हणजे या घरातलं शेंडेफळ. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळंच आहे, पण ती बोलायला लागली की तेलात मोहरी पडल्यासारखं होतं, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हेच नाव तिला चिकटलं. दारासमोर चार पावलं रुंद आणि दहा पावलं लांब अशी मोकळी जागा होती. तिथे बी पेरून हिरवळ करायची, असं तिने परीक्षा संपली त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं. बाबांना तिथे सिमेंटचे ब्लॉक बसवायचे होते, म्हणजे चिखल नाही आणि कटकट नाही. दोन दिवस खडाजंगी झाली आणि मग तह झाला. बियांच्या पिशवीवर लिहिलं होतं की सात ते एकवीस दिवसांत उगवण होते. बाबा म्हणाले, "एकवीस दिवस तुझे. बाविसाव्या दिवशी गवंडी."

"चालेल! पण तोवर कुणीही हात लावायचा नाही. मदतसुद्धा करायची नाही."

आजोबा, आई, बाबा आणि काका, चौघांनीही माना डोलावल्या. या घरात मान डोलवायला कुणी कधी आढेवेढे घेत नाही.

काम तिने जीव ओतून केलं. वीतभर माती खणली आणि खडे वेचले. त्यात विटांचे तुकडे, एक गंजका चमचा आणि काकांची मागच्या वर्षी हरवलेली किल्ली निघाली. काकांनी आभार वगैरे न मानता "तरी मी म्हणत होतो" एवढंच म्हटलं. मग तिने खत चाळून मिसळलं आणि दाताळ्याने माती सारखी केली, तीही नुसत्या नजरेने, कारण नजर आपली पक्की आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. बी कोरड्या वाळूत मिसळून अर्धं उभं फेकलं, अर्धं आडवं, म्हणजे कुठे टक्कल राहू नये. फळी टाकून, तिच्यावर नाचून ते दाबलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ झारीने नुसता शिडकावा, माती ओली होईल पण डबकं होणार नाही एवढाच.

आणि आज बाविसावा दिवस उजाडला तरी माती बोडकीच होती. फक्त भिंतीकडच्या कोपऱ्यात, ताटाएवढ्या जागेत, गवत असं दाटीवाटीने उगवलं होतं की न्हाव्याच्या खुर्चीखालचा केसांचा ढीग वाटावा.

"हीच का ती हिरवळ?" गवंडीकाकांनी पिशवी खाली ठेवली. "अगं, एवढ्यात तर मांजरसुद्धा पाय लांब करून झोपणार नाही."

"हसा! सगळे हसा!" असं म्हणता म्हणता तिचं लक्ष मातीकडे गेलं आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मातीवर बोटाएवढ्या बारीक घळी पडल्या होत्या आणि सगळ्या त्या कोपऱ्याकडे धावत होत्या. वरच्या टोकाला एक खोलगट खड्डा होता, पाण्याची जोरदार धार एकाच जागी बसल्यावर पडतो तसा. तिच्या झारीला असा खड्डा जन्मात पाडता आला नसता.

"बाहेर या!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचं कुत्रं गप्प झालं. "सगळे! आत्ताच्या आत्ता!"

आजोबा अर्ध्या गालावर साबण घेऊन आले, आई ओल्या हातांनी आली, काका तोंडात ब्रश घेऊन आले. बाबा सगळ्यांच्या मागे उभे राहिले.

"माझ्या मातीला पाणी कुणी घातलं?"

"दुपारचं ऊन कसलं असतं, बघतेस ना," आजोबा म्हणाले. "एक तांब्या गं. फार तर दोन."

"भाजी धुतलेलं पाणी उगाच वाया कशाला घालवायचं?" आई म्हणाली.

"किती?"

"बादली. पण लहान बादली!"

काकांनी ब्रश काढला. "तू मैत्रिणीकडे गेलीस की मी पाइपने... पण अंगठा लावून हं!"

तडतडीने खड्ड्याकडे पाहिलं. हा अंगठा लावून पडलेला नव्हता. "बाबा?"

बाबा गवंडीकाकांकडे बघत राहिले, जणू उत्तर त्यांच्या पिशवीत होतं. "सकाळी गाडी धुताना..."

"गाडी तिकडे असते!"

"अगं, मला वाटलं, तुझा उत्साह चार दिवसांचा. बी सुकलं तर तुझी फजिती होईल."

"मग झाली ना! तुम्हीच केलीत!" तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "बी उगवायला टाकलं होतं मी, पोहायला नाही! आणि हे काय पहिल्यांदा झालंय? सायकल शिकताना 'सोडलं, सोडलं' म्हणत तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत कॅरिअर धरून पळत होतात. मला वाटत होतं मला येतंय आणि लोक हसत होते! चित्रकलेच्या स्पर्धेतलं आभाळ काकांनी रंगवलं. बक्षीस आलं, तर मी ते कपाटात उलटं ठेवलंय, माहितीये का कुणाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. साबण आजोबांच्या गालावर वाळायला लागला.

गवंडीकाका खाकरले. "पोरी, रागावणार नसशील तर..."

"रागावलेलीच आहे. बोला."

त्यांनी पिशवीतून पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. एक टोक तिच्या हातात देऊन तिला फाटकापाशी उभं केलं आणि दुसरं टोक घेऊन ते भिंतीपाशी गेले. दोन्हीकडचं पाणी स्थिरावल्यावर त्यांनी खुणा केल्या आणि तिथून खाली माती किती आहे ते मोजलं. भिंतीकडे माती चांगली चार बोटं खाली होती. "पाणी ह्यांचं," ते म्हणाले, "पण उतार तुझा."

तडतडीचे कान तापले. समोरच्या चौघांच्या चेहऱ्यावर हळूच हायसं वाटल्याचा भाव उमटला, आणि त्याने तर ती आणखीच पेटली.

"बघ, म्हणजे आमचीच काही..." काका सुरू झाले.

"काका, एक अक्षर बोलू नका! उतार माझा. मान्य आहे. पण माझं एकटीचंच पाणी पडलं असतं तर कोपऱ्यातली ओल बघून तो मला पहिल्याच आठवड्यात कळला असता. मला वाटायचं, माती आज अजून ओली कशी, आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून मी झारी कमी कमी करत गेले. माझी चूकसुद्धा तुम्ही माझी राहू दिली नाहीत!"

आईने ओले हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले.

"ब्लॉकचं नंतर बघू," बाबा गवंडीकाकांना हळूच म्हणाले.

"नंतर नाही! एकवीस दिवसांनी. तेव्हाही बोडकं राहिलं तर बसवा ब्लॉक, मी स्वतः एकेक उचलून देईन. पण चुकायचं असेल तर मी एकटीच चुकणार."

गवंडीकाका दोरी काढून म्हणाले, "सपाटीला दोरी तरी लावून देऊ?" मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला, दोरी गुंडाळली आणि नळी तिच्या पायाशी ठेवली. "येईन तेव्हा परत दे," म्हणून ते गेले.

तडतडीने पान्याने अंगणातल्या नळाची चावी काढली आणि खिशात टाकली. दोन दिवस ती नळी, घरातली दोरी आणि खुंट्या घेऊन एकटीच राबली. एक टोक फाटकाला बांधायचं, दुसरीकडे पळायचं, पाणी हललं की पुन्हा पळायचं. चौघं खिडकीतून बघत होते आणि चौघांचेही हात शिवशिवत होते. तिसऱ्या दिवशी पिशवीतलं उरलेलं बी उभं-आडवं फेकून, दाबून ती झारी घेऊन उभी राहिली, तेव्हा सगळे पायरीवर रांगेत आले, हात पाठीमागे बांधून.

"तिकडे जरा कोरडं..." बाबा बोलून गेले.

झारी थांबली. तडतडीने नुसतं वळून पाहिलं.

"ऊन छान पडलंय, असं म्हणत होतो," बाबा म्हणाले.

खिशातली चावी तिने एकदा चाचपली. राग अजून उतरला नव्हता आणि एवढ्यात उतरवायचा तिचा विचारही नव्हता. तिने झारी उचलली आणि पाणी घालायला सुरुवात केली, फाटकाकडून भिंतीकडे, सारखं.