गोळी नको म्हणणारा माणूस

आमच्या घरात 'गोळी नको' म्हणायची मला बंदी होती. मी शिव्या दिल्या तर वहिनी ऐकून घ्यायची, मी उलट बोललो तर दादा हसण्यावारी न्यायचा. पण हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले की दोघांची पाचावर धारण बसायची. त्यांना तरी काय बोल लावू? माझं डोकं जेव्हा जेव्हा फिरलं, तेव्हा सुरुवात ह्याच दोन शब्दांनी झाली होती.

मागच्या खेपेला मी असंच म्हणालो होतो की मी ठणठणीत बरा आहे, गोळी नको. मग झोप उडाली, जीभ सैल सुटली. दुकानात एका वकिलाची अर्धी मिशी मी उडवली आणि उरलेल्या अर्ध्या मिशीचं महत्त्व त्याला पटवून देत बसलो. दुकानातले आरसे भिंतीकडे तोंड करून टांगले, कारण माणसांनी स्वतःकडे बघणं सोडल्याशिवाय जग सुधारणार नाही, असा मला साक्षात्कार झाला होता. आज सांगताना हसू येतं. त्या दिवशी मात्र दादाला मला रुग्णालयात न्यायला गिऱ्हाइकांची मदत घ्यावी लागली, आणि तिथे मला खाटेला बांधलेलं पाहून तो दाराबाहेर हमसून हमसून रडला. पुन्हा ह्याला इथे आणणार नाही, असं त्याने तेव्हाच ठरवलं. हे मला वहिनीकडून नंतर कळलं.

आम्ही दोघं भाऊ न्हावी. एकच दुकान, दोन खुर्च्या. दादा केस कापणार, मी दाढी करणार. वस्तरा माझ्या हातात आला की दादासुद्धा कात्री थांबवून बघायचा. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. आता ज्या गोष्टीची फुशारकी मारायची सोयच उरली नाही, ती सरळ सांगून टाकलेली बरी.

रुग्णालयातून सुटताना डॉक्टरीणबाईंनी नवी, लिथियमची गोळी दिली. आम्हा दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. "ही गोळी चुकवायची नाही. मला विचारल्याशिवाय दुसरं औषध घ्यायचं नाही. वेळच्या वेळी रक्त तपासायचं. आणि उलट्या, जुलाब व्हायला लागले, हात जोरात थरथरले, तोल गेला, बोलणं जड झालं, तर पुढची गोळी घ्यायची नाही. थेट इथे यायचं." मी सगळं ऐकलं. दादाने पहिलं वाक्य ऐकलं आणि ते घट्ट धरून ठेवलं. बाकीचं त्याच्या कानावरून गेलं, कारण माझी सुटका झाल्याच्या आनंदात तो होता.

त्या दिवसापासून दादा माझ्यावर डोळ्यांत तेल घालून राहिला. सकाळ-संध्याकाळ गोळी, वर पाण्याचा पेला, मग "आ कर. जीभ वर कर. गाल दाखव." दाढी करताना आम्ही गिऱ्हाइकाचे गाल ताणून बघतो ना, तसं. मी कधीकधी त्याला म्हणायचो, "कल्ले जरा लांब ठेव हं." तो हसायचा नाही.

आणि खरं सांगतो, गोळी लागू पडली. दोन उन्हाळे, दोन हिवाळे माझं डोकं जागेवर राहिलं. हाताला बारीकशी थरथर आली, पण ती जुन्या भाडेकरूसारखी. तिला कसं वागवायचं ते मी शिकून घेतलं होतं. करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवली की वस्तरा सरळ चालायचा.

मग दादाचा रक्तदाब वाढला. त्याच्या डॉक्टरने मीठ कमी करायला सांगितलं. वहिनीचं काम अर्धवट नसतं. तिने मिठाचा डबाच माळ्यावर टाकला. "एका घरात दोन-दोन भाज्या शिजणार नाहीत. खायचं तर सगळ्यांनी अळणी खायचं," असं तिने जाहीर केलं. दादाला एकटं वाटू नये म्हणून मीही मुकाट गिळत राहिलो. त्याच सुमारास उकाडा वाढला, दुकानातला पंखा जेमतेम फिरायचा, घामाने सदरा पाठीला चिकटायचा. दिवसभर उभं राहून माझी कंबर धरली, तेव्हा दादाच्या खणातल्या दुखण्याच्या गोळ्या मी घ्यायला लागलो. डॉक्टरीणबाईंना विचारायचं सुचलंच नाही. दुखण्याची गोळी म्हणजे औषध, हे आमच्या धंद्यात कुणाला पटणार? आम्ही ती चहासोबत घेतो आणि चहाइतकाच तिचा विचार करतो.

आधी पोट बिघडलं. मग भूक मेली. मग एका सकाळी ब्रश फेसात बुडवताना मनगटासकट हात उडाला आणि वाटी खाली पडली. ही थरथर माझ्या ओळखीची नव्हती. तरी मी खुर्चीवर बसलेल्या टॅक्सीवाल्याला फेस लावला, करंगळी टेकवली, आणि वस्तऱ्याने त्याच्या कानाखाली चांगलंच कापलं. तो बिचारा नेहमीचा, आरडाओरडा न करता नुसता आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मी तुरटी दाबून धरली, पण ती तुरटीसुद्धा माझ्या हातात नाचत होती.

दादाने केस कापायचं मशीन बंद केलं. "काय रे? काय होतंय तुला?"

"दादा, गोळी अंगावर येतेय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, हात असा थरथरला तर थांबायचं म्हणून. आज गोळी नको. आपण त्यांच्याकडे जाऊ."

दादाचा चेहरा पांढरा पडला. टॅक्सीवाल्याला त्याने स्वतः पुसलं, हात जोडून माफी मागितली, दुकानाचं दार ओढून घेतलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "परत सुरू झालं का रे तुझं?"

आता ह्यावर माणसाने काय बोलावं? मी शांतपणे बोललो तर तो म्हणणार, बघा किती हुशारीने बोलतोय. मी चिडलो तर म्हणणार, बघा चिडला. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. दादा म्हणाला, "मागच्या वेळीसुद्धा तुला सगळं असंच पाठ होतं. डॉक्टरांपेक्षा तुलाच जास्त कळत होतं." ते खरं होतं. आपलं खरं बोलणं आपल्याच जुन्या वेडासारखं ऐकू यावं, ह्याच्यासारखी दुसरी कोंडी नाही. मला त्या क्षणी त्याचा मनापासून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

"मागचा रक्ताचा रिपोर्ट चांगला होता," दादा म्हणाला. "मग गोळी कशी बाधेल? तू ती थुंकतोयस. कुठे थुंकतोस ते सांग." होता रिपोर्ट चांगला. पण तो मीठ माळ्यावर जाण्याआधीचा होता.

त्या संध्याकाळपासून त्याने गोळी दिल्यावर माझ्या गालात बोट घालून बघायला सुरुवात केली. आणि मी थुंकलेल्या, म्हणजे त्याच्या मते थुंकलेल्या गोळ्या भरून काढायला म्हणून एक जास्तीची चहात कुस्करून देऊ लागला. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चहा कडू लागतो म्हटलं तर म्हणाला, तुझ्या तोंडाला चव नाही. चव खरंच नव्हती, त्यामुळे मी तो पीत गेलो. मला रुग्णालयात न्यायचं नाही, घरच्या घरी सांभाळायचं, ह्या मायेपोटी तो मला रोज थोडं थोडं विष पाजत होता.

पुढचं मला तुटक आठवतं. उलट्या. न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागायची, आणि भिंतही मेली जागेवर राहायची नाही. जीभ जड झाली. मी 'डॉक्टर' म्हणायचो आणि तोंडातून नुसती लाळ यायची. दादा उशाशी बसून माझं कपाळ चेपायचा आणि म्हणायचा, "होईल बरं. औषध लागू पडायला वेळ लागतो."

शेवटी वहिनीच आडवी आली. गोळीची वेळ झाली होती, दादाच्या हातात पेला होता. तिने तो काढून घेतला.

"अहो, हे ते नाहीये."

"काय ते नाहीये?"

"भाऊजींचं वेड मी पाहिलंय. तेव्हा हे झोपत नव्हते, आता उठत नाहीत. तेव्हा तोंडाचा पट्टा थांबत नव्हता, आता एक शब्द फुटत नाही. तेव्हा घरभर नाचत होते, आता अंथरुणात ओलं झालं तरी कळत नाही. सगळं उलटं दिसतंय आणि तुम्ही तेच औषध वाढवताय? गाडी बोलवा."

"तिथे त्याला बांधतील."

"बांधू देत. जिवंत माणसाला बांधतात."

गाडीत मला झटके आले. वहिनीने माझं डोकं मांडीवर धरलं होतं, एवढं ती सांगते. गोळ्यांची पाकिटं तिने आठवणीने पिशवीत घातली होती, दुखण्याच्या गोळ्यांचीसुद्धा, म्हणून तिथल्या डॉक्टरांना लगेच उमगलं. त्यांनी लिथियम थांबवलं, सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. मग यंत्राने रक्त धुऊन काढावं लागलं, कारण मूत्रपिंडांनी हात टेकले होते. मला कुणी बांधलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी शुद्धीवर येत होतो. त्यांनी दोघांना विचारलं, घाम फार येत होता का, दुखण्याची गोळी कधीपासून, जेवणातलं मीठ कमी केलंय का. वहिनीने तोंडाला पदर लावला. बाईंनी समजावलं की लिथियम हेही एक प्रकारचं मीठच. शरीराला साधं मीठ पुरलं नाही की ते हेच धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. त्यात दुखण्याच्या गोळ्या त्याची बाहेरची वाट आणखी अडवतात. "त्यांनी स्वतः काही सांगितलं नव्हतं का?" बाईंनी विचारलं.

दादा म्हणाला, "सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

मी वाचलो. डोक्यासाठी आता दुसरं औषध आहे, तेही चाललंय. पण मेंदूच्या मागच्या भागाला जे लागायचं ते लागलं. लिथियम रक्तातून केव्हाच गेलं, थरथर मात्र हातात राहिली, आणि जीभही जडच राहिली. सुरुवातीला बाई म्हणायच्या, वाट बघू. आता त्या व्यायाम सांगतात आणि वाट बघण्याचं नाव काढत नाहीत. मी बोलायला लागलो की माणसं माझ्या ओठांकडे कीव करत बघतात, म्हणून मी दुकानात फारसा बोलत नाही. फडकी झटकतो, केस झाडतो.

परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. दादाची दाढी पहिल्यापासून मीच करायचो. मी आजारी पडल्यापासून तो आरशात बघून स्वतःच ओरबाडत होता. परवा तो येऊन माझ्या खुर्चीत बसला. स्वतःच गळ्याभोवती फडकं बांधलं, स्वतःच तोंडाला फेस फासला, वस्तऱ्यात नवं पातं घालून तो माझ्या हातात दिला आणि मान मागे टाकली.

"कर."

"ज... जमणार नाही, दादा."

"कर म्हणतो ना. कापलं तर कापलं."

मी वस्तरा उचलला. हात त्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत सैरावैरा फिरला. पातं त्याच्या गळ्यावर आलं, तिथली शीर उडताना मला दिसत होती. दादाने डोळे मिटले. जराही हलला नाही, आवंढासुद्धा गिळला नाही. आधी मला वाटलं, भाऊ माझ्यावर विश्वास टाकतोय. मग त्याचे फेसाखाली आवळलेले ओठ दिसले आणि माझ्या लक्षात आलं की विश्वासबिश्वास काही नाही, हा वाट बघतोय. त्याला शिक्षा हवी होती, ती माझ्या हातून हवी होती, आणि ती द्यायची मला इच्छा आहे का, एवढंही ह्या माणसाने मला विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "मला हे करायचं नाही."

वाक्य पुरं व्हायला वेळ लागला, पण शब्द नीट निघाले. दादाने ते ऐकले, आणि डोळे न उघडता मान आणखी मागे टाकली.