चंद्राबाईच्या घरामागचा दगड

नामासारख्या समांतर रेघा रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत दुसऱ्या कुणाला मारता येत नव्हत्या, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. बाकीचे ट्रेसर, म्हणजे नकाशे उतरवणारे, दर रेघेला दोन ठिकाणी माप घेत, टिंबं देत, मग टी-स्क्वेअर लावून रेघ ओढत. नामानं तोड काढली होती. जाड पुठ्ठ्याची पट्टी नेमक्या मापाची कापायची, रस्त्याच्या मधल्या रेघेला टेकवायची आणि तिच्या कडेनं पेन ओढायचं. ना माप, ना टिंब. इतरांची एक शीट होईस्तोवर याच्या तीन व्हायच्या. साहेब आल्यागेल्याला त्याचं टेबल दाखवायचे आणि हा मान खाली घालून लाजल्याचं सोंग करायचा.

साल अडुसष्टचं. चौकहून कर्जतकडे जाणारा रस्ता साठ फूट रुंद करायचा होता. मधल्या रेघेपासून तीस फूट इकडे, तीस तिकडे, अशा नकाशावर दोन रेघा मारल्या की त्यांच्या आतली जमीन सरकारची. नामानं गावठाणाच्या शीटांसाठी पट्टी कापली, आणि शेतांच्या शीटा हाती आल्या तेव्हा तीच पुढं चालवली. गावठाणाच्या नकाशात एक इंच म्हणजे पन्नास फूट. शेतांच्या नकाशात एक इंच म्हणजे शंभर. हे कालच लागलेल्या ट्रेसरलाही कळतं. पण वेगाची नशा चढलेला माणूस कोपऱ्यातलं प्रमाण कशाला वाचतोय? त्याच पट्टीनं तिथं तिसाच्या जागी साठ फूट धरले गेले. वर तीन साहेबांनी सह्या ठोकल्या, कारण नामाचं काम तपासायचं नसतं असा तिथं रिवाजच पडला होता.

त्या शेतांत, रस्त्याच्या मध्यापासून चाळीस फुटांवर, चंद्राबाईचं घर होतं. चंद्राबाई नामाची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा. तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. नवरा वारल्यावरही दुसऱ्यांची लावणी-कापणी करून तिनं त्याला ड्रॉइंगच्या क्लासला धाडलं. नकाशात घरं नसतात, नुसते सर्व्हे नंबर असतात. म्हणून रेघ मारताना त्याला काही दिसलं नाही.

दिसलं ते एका रविवारी. तो बहिणीकडं जेवायला गेला, तर घराच्या मागं, पार चुलीच्या भिंतीपलीकडं, रस्त्याच्या हद्दीचा चुना फासलेला दगड रोवलेला. म्हणजे सगळं घरच रस्त्यात. नामा रस्त्याच्या मध्यावर गेला आणि पावलं मोजत दगडापर्यंत आला. साठ फूट. आपली पट्टी, आपला पुठ्ठा, सगळं त्याला तिथंच उभ्या उभ्या कळून चुकलं.

हरकती घ्यायला अजून आठ दिवस होते. एक साधा अर्ज गेला असता तर साहेबांना शीट पुन्हा उघडावी लागली असती आणि चूक आपोआप बाहेर आली असती. शेजारचा पदू अर्ज घेऊन आलाही होता. बाकीच्यांची शेताची नुसती कड जात होती, घर एकट्या चंद्राबाईचं. तिचा अंगठा पहिला पडला तर आम्हीही देतो, असं सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं. चंद्राबाईनं पदूला चहा पाजून परत पाठवलं.

जेवताना नामा म्हणाला, "बाय, तू हरकत घे."

"कशापायी? रेघ चुकलीय काय रं?"

एवढंच विचारलं तिनं. हो म्हणायला एक शब्द पुरे होता. पण नोकरीत कायम करण्याचा त्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीला पडला होता. रेघ चुकली म्हणावं, तर आधी तो कागद फाटणार. नामानं घास गिळला.

"नाय, चुकली नाय. पन घर जातंय ना."

"मंग ऱ्हाऊ दे. आपल्याच भावाच्या रेघंवर मी आंगठा उठवू? लोक म्हनतील, सख्ख्या बहिनीलाच भरवसा नाय. घर काय, पुन्ना बांदता येतं."

त्या आठवड्यात तो दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेला. पहिल्यांदा आत कुणी तरी बसलं होतं. दुसऱ्यांदा साहेबांनी हसून, काय रे, म्हणून विचारलं, तर यानं रजेचा अर्ज पुढं केला. सोमवारी पाच वाजता मुदत संपली. भित्रा म्हणा, हलकट म्हणा, नामानं स्वतःला याहून वाईट शिव्या घातल्या. पण त्या पाचनंतर. पाचच्या आत त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

दिवाळीनंतर घर पाडलं. चंद्राबाईनं कौलं स्वतः उतरवून दिली, म्हणजे फुटायची नाहीत. ती खालापुरात नामाच्या भाड्याच्या खोलीत राहायला आली. तोवर नामा कायम झाला होता.

रस्ता व्हायला आणखी दोन वर्षं लागली. तो नामाच्या शीटप्रमाणं नाही, ठेकेदाराच्या कागदाप्रमाणं झाला, मुळात ठरलेल्या साठ फुटांचाच. एकदा दोघं एसटीनं कर्जतला निघाले तेव्हा चंद्राबाई खिडकीशी बसली होती. तिचं घर होतं ती जागा आली. तिथं रस्ता नव्हताच. गुडघाभर गवत होतं, आणि कुणाच्या तरी दोन शेळ्या चरत होत्या.

चंद्राबाई मागं वळून वळून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नामा, हितं तर काय केलंच नाय. मंग माजं घर कशाला रं पाडलं?"

आता तरी सांगावं, असं वाटून त्यानं तोंड उघडलंही. पण त्याच्या आधी तीच बोलली.

"फुडं लागंल म्हनून जागा ठेवली आसंल. तुजी रेघ हाय, म्हंजे कायतरी इचार आसंलच की."

"आसंल," नामा म्हणाला.

तिचं समाधान झालं. पदर डोक्यावर सारखा करून तिनं पिशवीतून पेरू काढला, आणि मोठा अर्धा त्याच्या हातावर ठेवला.