‘दिसला’ म्हणणाऱ्या बाईची दुर्बीण

मित्रांनो, माझ्या उजव्या काचेत बुरशीचं बारीक जाळं आहे आणि डाव्या डोळ्याचं रबर गेल्यावर तिथे सायकलच्या ट्यूबची चकती बसवलेली आहे. त्यावरून मला ओळखा. कोणत्या कारखान्यात घडले ते मला माहीत नाही. आठवतं ते शेगावच्या बाजारातल्या जुन्या सामानाच्या गाडीपासून. तिथे मी एका मिक्सरच्या भांड्यात पडले होते आणि गाडीवाला मला ‘मिलिटरीची’ म्हणून विकत होता. मिलिटरी मी कधी पाहिली नाही.

मला घेतलं सोनाळ्याच्या उकंडरावांनी. पक्षी पाहायला नव्हे, हाकलायला. ज्वारीवर पोपट कोणत्या बाजूने उतरतात हे मचाणावरून आधी दिसावं आणि गोफण वेळेवर फिरावी, एवढंच माझं काम. पण शत्रूकडे रोज टक लावून पाहिलं की माणसाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. दुसऱ्या हंगामात उकंडराव दगड गोफणीत घालून तसेच बसून राहू लागले. तिसऱ्या हंगामात ते वहीत पाखरांची नावं लिहू लागले. ज्वारीचं जे व्हायचं ते झालं.

त्यांची बायको रुख्मिणी भाकरी घेऊन यायची आणि मला हिसकावून घ्यायची. तिची नजर नवऱ्यापेक्षा तेज. तो ‘कुठं, कुठं’ करेपर्यंत तिचं पाखरू पाहून, ओळखून, त्याच्याबद्दल एक टोमणाही मारून झालेला असे. मी मनातल्या मनात हिशेब ठेवते, ती माझी खोड आहे. पहिल्या पंधरा वर्षांत शंभरातली सत्तर पाखरं रुख्मिणीनं आधी शोधली आणि वहीत शंभरच्या शंभर उकंडरावांच्या नावावर चढली.

पुढे ज्वारी जाऊन संत्र्याची बाग आली आणि लेक प्राची पुण्याला नोकरीला लागली. तिनं पाठवलेला एक नकाशा भिंतीवर लागला. त्यात खाली उजव्या कोपऱ्यात निळ्या पाण्यात सांडलेल्या दाण्यांसारखे देश होते. आयुष्यात एकदाच परदेशात जायचं आणि तिकडचीच पाखरं पाहायची, असं नवरा-बायकोचं ठरलं. कुठे जायचं ते मात्र ठरेना. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला माणसाएवढा कॅसोवरी. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात पिसारा उलटा करून नाचणारे बर्ड ऑफ पॅराडाइज. न्यू कॅलेडोनियात कुत्र्यासारखा भुंकणारा कागू. फिजीत लाल-हिरवे पोपट. फिजीचं नाव निघालं की रुख्मिणी म्हणायची, इथं पोपटाले गोफण अन् तिथं पोपटासाठी विमान, लोक काय म्हणतील. आणि न्यूझीलंड. तिथली निम्मी पाखरं उडायचंच विसरलेली आहेत, म्हणून उकंडराव त्याला शेवटचा नंबर देत. न उडणारं पाखरू पाहायला सोनाळ्यातली कोंबडी काय वाईट, असं त्यांचं मत.

चार वर्षं हेच चाललं. मग गेल्या अक्षय तृतीयेला उकंडरावांना युक्ती सुचली.

आमच्या बाजूला भेंडवळ आहे. तिथे अक्षय तृतीयेला घटाची मांडणी होते. गोल आखून धान्यं मांडतात, रात्र जाऊ देतात आणि पहाटे कोणता दाणा हलला, कोणता जागेवर राहिला, ते पाहून पिकापाण्याचं सांगतात. उकंडरावांनी तीच मांडणी अंगणात देशांची केली. तूर म्हणजे ऑस्ट्रेलिया, तीळ न्यू कॅलेडोनिया, बाजरी फिजी, ज्वारी न्यूझीलंड आणि वाटाणा पापुआ न्यू गिनी. मधे तांब्या ठेवला. मला ओट्याच्या कोनाड्यात ठेवून ते झोपायला गेले.

आता मांडणी कुठे केली, तर पाखरांच्या पाण्याच्या परळाशेजारी. त्याच जागी रुख्मिणी वीस वर्षं रोज सकाळी दाणे टाकते. पक्षी पाहण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, याची मी नुसती नोंद घेतली. फटफटलं तशा चिमण्या आल्या आणि न्यू कॅलेडोनिया संपवून फिजीवर बसल्या. कबुतरासारख्या होल्यांनी तूर आणि ज्वारी मिळून अर्ध्या तासात आवरली. वाटाणा वाळून खडा झालेला होता, तो कोणाच्या चोचीत मावेना.

उकंडराव उठून आले, पाहिलं आणि कपाळाला हात लावून त्यांनी पुण्याला फोन केला. जो दाणा हलला नाही तो देश पक्का, पापुआ न्यू गिनी. रुख्मिणी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली की ज्यांले वीस वरसं चारलं त्यांनीच निकाल खाल्ला. पण ती हसली नाही. एरवी अशा गोष्टीवर तिचं हसू आठवडाभर पुरलं असतं.

का हसली नाही, ते मला माहीत होतं.

मित्रांनो, दुर्बिणीशी खोटं बोलता येत नाही. बाहेर माणूस काहीही म्हणो, माझ्या गोलात काय होतं ते मला कळतं. त्याआधीच्या दसऱ्यापासून रुख्मिणीनं एकतीस वेळा ‘हाव, दिसला’ म्हटलं होतं. त्यातली चार पाखरं माझ्या गोलात होती. बाकी सत्तावीस वेळा तिनं पानं पाहिली, फांदी पाहिली, एकदा तर नुसतं आभाळ पाहिलं. मला काही वाटलं नाही. काचेला वाटण्याची सोय नसते.

पापुआतली पाखरं उंच झाडांच्या शेंड्यावर असतात, म्हणून उकंडरावांनी सराव काढला. वैशाखात ते रुख्मिणीला घेऊन अंबाबरव्याच्या जंगलाच्या कडेला, नाल्याकाठी जाऊ लागले. तिथे स्वर्गीय नर्तकाची जोडी होती. पांढराशुभ्र नर, दोरीसारखी लांब शेपूट. चौथ्या दिवशी तो अर्जुनाच्या झाडावर बसला. उकंडरावांनी बोट दाखवलं, तिसरी फांदी, डावीकडं. रुख्मिणीनं मला डोळ्यांना लावलं. ती फांदी शोधत राहिली. मी अर्जुनाची साल पाहिली, मग वेल पाहिली, मग पुन्हा साल. एवढ्यात नर उडाला आणि नाल्यापलीकडे गेला. तो जाताना उकंडरावांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

रुख्मिणी म्हणाली, “हाव, दिसला. किती लांब शेपूट आहे.”

उकंडरावांनी रिकाम्या फांदीकडे आणि तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “काऊन वं, कवापासून?”

तिनं मला मांडीवर ठेवलं. “दसऱ्याच्या आधीपासून. मधलं तेवढं दिसते, नळीतून पाह्यल्यावानी. बाजूचं समदं गेलं. अकोल्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगतला. गेलं ते काही येत नाही म्हने, उरलं ते थेंबांनी जपाचं.”

“मले सांगतलं काऊन नाही?”

“तुमी जानं रद्द केलं असतं.”

ते खरंच होतं. दोघं घरी आले. मला पेटीत ठेवलं गेलं आणि झाकण लागलं. अख्खा आषाढ-श्रावण मी पेटीत होते. बुरशी धरली ती तेव्हाच. घरात भांडण नव्हतं, रडणं नव्हतं. थेंबांच्या वेळा पाळल्या जात. जेवणं होत. दोन माणसं एका घरात इतकी कमी बोलू शकतात, हे मी झाकणातूनही मोजलं. दिवसाला साधारण नऊ वाक्यं, त्यातली चार चहाची.

पोळ्याला प्राची आली. तिनं पेटी उघडली, नकाशा उतरवून जमिनीवर पसरला आणि आईला समोर बसवलं. ती म्हणाली, आजवर तुम्ही विचारत होता की कुठे किती पाखरं दिसतात. आता विचारायचं की कुठलं पाखरू किती जवळ येतं. मग एकेक देश तपासला गेला. पापुआची झाडं उंच, काट. कागू दाट झाडीत फिरतो, काट. फिजीचे पोपटही शेंड्यावरच, काट. कॅसोवरी मोठा आहे, पण जवळ गेलं की लाथ मारतो, असं प्राचीनं वाचून दाखवलं.

“तसा एक घरी आहे,” रुख्मिणी म्हणाली. चार महिन्यांत तिचा तो पहिला टोमणा. उकंडराव नकाशाकडेच पाहत राहिले, पण त्यांचे खांदे हलले.

उरलं न्यूझीलंड. तिथे तिरितिरी मातांगी नावाचं बेट आहे. त्या बेटावर उंदीर नाही, मांजर नाही, म्हणून पाखरं माणसाला बिचकत नाहीत. प्राचीनं फोनवर तिथल्या बेलबर्डचा आवाज लावला आणि फोन गुपचूप कोनाड्यात ठेवला. रुख्मिणीनं चेहरा नेमका कोनाड्याकडे वळवला. मग प्राचीनं तिथल्याच टाकाहेचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर धरलं. निळंहिरवं अंग, लालभडक चोच, उडता न येणारा, सावकाश चालणारा. रुख्मिणीनं ते तुकड्यातुकड्यानं पाहिलं आणि म्हणाली, ही तर आपल्या तळ्यावरची जांभळी पाणकोंबडी, खाऊनपिऊन सुखी झालेली.

वैशाखात बागेत काम कमी असतं म्हणून तेव्हाच जायचं, असा उकंडरावांचा आधी हट्ट होता. आपल्या वैशाखात तिकडे हिवाळा लागतो आणि पाखरं गातात ती आपल्या कार्तिकात, हे त्यांना प्राचीनं समजावलं. कार्तिकात संत्री उतरतात. उकंडरावांनी उभी बाग ठेक्याने दिली आणि तिकिटं काढायला सांगितलं.

मला नेलं नाही. त्या देशात माती, बी, दाणा आत जाऊ देत नाहीत, चपलांचे तळवेसुद्धा पाहतात. प्राचीनं माझी पिशवी झटकली तर वीस वर्षांपूर्वीच्या ज्वारीचा भुसा पडला. राहू दे, रुख्मिणी म्हणाली, तिथं तिचं काय काम.

ते परत आल्यावर रुख्मिणीनं शेजारणीला सांगितलं ते मी खुंटीवरून ऐकलं. बेटावर लाकडी बाकावर ती बसली होती. टाकाहे गवत उपटत उपटत दोन हातांच्या अंतरावर आला. “आधी चोच पाह्यली. मंग पाय पाह्यले. मंग पाठीचा रंग. एकाच पाखराले चार डाव पाह्यलं, तवा पुरं झालं. अन् हे बाजूले गप बसून होते. बोट दाखवलं नाही, ‘कुठं, कुठं’ म्हनलं नाही.”

माझा हिशेब मला दुरुस्त करावा लागला. तेहतिसाव्या वेळी ती ‘दिसला’ म्हणाली तेव्हा खरंच दिसला होता, आणि मी तिथे नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी दुर्बीण असेल तर ती ओल्या दिवसांत पेटीत कोंडू नका, काच मऊ फडक्यानं पुसा. एवढं केलंत तर माझ्या जातीचे उपकार फिटले. आणखी एक. बरोबरचं माणूस ‘दिसला’ म्हणालं, तर पाखराकडून नजर काढून एकदा त्या माणसाकडे पाहा. उकंडराव आता तसं पाहतात. मी खुंटीवर आहे. रोज सकाळी परळाजवळ दाणे पडतात, आणि कोण कोण आलं ते रुख्मिणी डोळे मिटून, आवाजावरून त्यांना सांगते.