दोरो नदीची उघाडी

कमळाकरशेठ बोलायला लागले की त्यांच्या तोंडाला बांध नसायचा. मिठागरं गेली, पैसा आला, पनवेलला दोन गाळे झाले, पण फेकायची सवय काही सुटली नाही. आणि या वेळी तर विषय पोटच्या पोरीचा! मनस्वीनं पनवेलला स्वतःचं टूरचं ऑफिस टाकलं होतं, आणि गावातल्या माणसांचा पहिला ग्रुप ती पोर्तुगालला नेणार होती, दोरो नावाच्या नदीवरच्या क्रूझवर. मग काय विचारता! पळस्प्याच्या नाक्यापासून करंज्याच्या बंदरापर्यंत शेठनी डंका पिटला.

"सात माळ्यांचं जहाज हाय! वर पोहायचा हौद, खाली नाचगाणी. रात्रभर दर्यात झुलत जायचं, म्हंजे काय समजलाव!"

हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. क्रूझ म्हणजे मुंबईहून गोव्याला जातं तसलं जहाज, एवढंच त्यांना ठाऊक. पोरीनं 'नदी' म्हटलेलं त्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं होतं.

शनिवारी संध्याकाळी गावच्या समाजमंदिरात मनस्वीनं सगळ्यांना माहिती द्यायला बोलावलं. हॉल गच्च भरला. बोटीवरच्या बारा खोल्या तिनं अडवून ठेवल्या होत्या. त्या सोमवारपर्यंत भरल्या नाहीत तर बोटवाले दुसऱ्या कुणाला देणार, आणि कमळाकरच्या पोरीचा पहिलाच बार फुसका निघाला, हे गाव जन्मभर बोलणार. शेठना सकाळपासून हीच धास्ती होती. पण चेहऱ्यावर दिसू देतील तर ते कमळाकरशेठ कसले! पहिल्या रांगेत, पांढऱ्या कडक शर्टात, मिशीला पीळ देत ते बसले. शेजारी त्यांची बायको हौसा.

मनस्वी उभी राहिली आणि तिनं सुरुवातच अशी केली, "आधी काय नाही ते सांगते. हे समुद्रातलं मोठं जहाज नाही. नदीतली बोट आहे, तीन माळ्यांची. खोल्या लहान आहेत. सगळ्यात खालच्या माळ्यावर खिडकी उघडत नाही, पाणी काचेच्या जरा खाली दिसतं. बोट रात्री चालत नाही, धक्क्याला बांधून ठेवतात. कधी दुसरी बोट अगदी चिकटून लागते, मग सकाळी पडदा सरकवला की समोर दुसऱ्याची खिडकी. उन्हाळ्यात तिथं आपल्यासारखंच भाजतं, म्हणून मी सप्टेंबरअखेर धरलाय. नदीला पाणी फार चढलं तर एखादा दिवस बसनं जावं लागेल. हे सगळं चालणार असेल, तरच यायचं."

शेठच्या कानांतून वाफा निघाल्या. अगं बये, विकायला उभी राहिलीस की पिटाळायला? ते खुर्चीतूनच हातानं खुणा करू लागले, 'वाढव, जरा वाढवून सांग!' पोरीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मागून हरेश उठला. हा शेठचा पुतण्या, काडी टाकण्यात पटाईत. "काका, तुमी तर सात माळे बोलले होते! चार माळे कुठं बुडाले?"

हॉलमध्ये खसखस पिकली. दोनचार जण चपला शोधायला लागले. म्हातारा काशीराम म्हणाला, "नदीच बघायची तर आपली गाढी काय वाईट? एवढ्या लांब कशाला?"

"सांगते, आजोबा," मनस्वी म्हणाली. "नदीच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत, आणि माणसांनी ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडाचे बांध घालून द्राक्षांना लावलेत. बोट त्यांच्यामधून संथ जाते. वाटेत धरणं आहेत. धरण आलं की बोट लॉकमध्ये जाते आणि..."

"लॉक?" भामाआजी दचकली. "कुलूप घालतात? आन् चावी कोनाकडं असते?"

पुन्हा हशा. शेठनी डोळे मिटून घेतले. संपलं, आता पोर रडणार.

पण मनस्वी हसली. आणि इतका वेळ शहरी बोलणारी ती पोर एकदम घरच्या बोलीवर आली. "कुलूप नाय गो आजी. उघाडी! आपल्या खाडीच्या बांधाला व्हती ना, तशी उघाडी. दोन उघाड्या, एक मागं, एक पुढं. बोट मदी शिरली की मागची बंद. मग वरचं पानी हळूहळू आत सोडतात. पानी चढतं तशी बोट चढते. एका ठिकानी तर दहा माळ्यांएवढी वर जाते! मग पुढची उघाडी उघडली, की बोट चालली वरच्या नदीत."

इथल्या प्रत्येक पिकल्या केसाच्या माणसानं बांधातल्या त्या पाण्याच्या दाराची, उघाडीची फळी उचलली होती, भरतीचं पाणी मिठागरात घेतलं होतं, चुकीच्या वेळी उघडली म्हणून बापाचा मार खाल्ला होता. मिठागरं गेली तसा हा शब्दही कुणाच्या तोंडी उरला नव्हता. तो या पोरीनं बोलावा?

"बोटीसकट उघाडी?" काशीराम पुटपुटला. "दहा माळे? आरं बाबा!"

शेठनी डोळे उघडले. ही लहान असताना त्यांच्याबरोबर बांधावर यायची, पाणी शिरताना टाळ्या पिटायची. ती विसरली असेल असंच ते धरून चालले होते. ते ताडकन उठले आणि गावाकडं तोंड करून उभे राहिले.

"आयका सगळ्यांनी! सात माळे मी बोललो. हौद मी बोललो. थाप मारली, पोरीला न विचारता मारली. तिनं एक शब्द खोटा सांगितला नाय, बापाची अब्रू जात होती तरी नाय. ज्याला माझ्या शब्दावर जायचं त्यानं घरी जावा. तिच्या शब्दावर जायचं त्यानंच थांबा!"

हरेश खाली बसला. चपला शोधणारे होते तिथंच थांबले. भामाआजी काठी टेकत पुढं गेली. "माजं नाव लिव. दर्या लय बघितला. ती उघाडी बघू दे मना मरायच्या आदी." तिच्यामागून काशीराम आणि त्याची बायको. मग रांगच लागली.

हॉल निम्मा रिकामा झाल्यावर शेठ ऐटीत टेबलाशी आले. "कितव्या खोलीवर आलीस?"

"अकरा भरल्या. एक राहिलीय, खालच्या माळ्यावरची."

"मग ती आमची! मी आन् तुझी आई. लिव."

मनस्वीनं पेन खाली ठेवलं. "बाबा, तुमचा गुडघा. बोट सुटते त्या पोर्तो शहरात सगळा चढ, सगळ्या पायऱ्या. दुसरा कुणी असता तर मी स्पष्ट सांगितलं असतं, तेच तुम्हालाही सांगते. त्या दिवशी तुम्ही बोटीवरच बसायचं, शहर बघायला आई एकटी जाईल. हट्ट करायचा नाही. कबूल असेल तरच नाव लिहिते."

"मी? बसून राहू? सगळं गाव फिरनार आन् मी..."

"हो. नाहीतर ही खोली मी दुसऱ्या कुणाला देईन."

हौसा पदर तोंडाला लावून हसत होती. कमळाकरशेठनी टेबलावरचं पेन उचलून पोरीच्या हातात दिलं. मग उरलेल्या माणसांकडं वळून, डोळे भरलेले असताना, त्यांनी अख्ख्या हॉलभर आवाज टाकला, "आयकलाव काय? बापालाबी सोडलं नाय माझ्या पोरीनं!"