कानातले हिरवे गोंडे

आज पहाटे बासिलियाने माझ्या कानांत हिरवे गोंडे बांधले. आमच्या घरचा रंग तांबडा आहे.

मी सिसा बोलतेय. दोन वर्षांची अल्पाका, म्हणजे लांब मानेचं, लोकरीचं जनावर. रंगाने दुधी, स्वभावाने भित्री. पान हललं तरी दचकते.

मी जन्मले तेव्हा डोंगरावर गारा पडत होत्या. तिसऱ्या दिवशी आई गेली. बासिलियाने मला शालीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं, बाटलीने दूध पाजलं. पुढे कान सजवायच्या सणाला, अख्ख्या गावादेखत, तिने माझ्या कानांत तांबडी लोकर ओवली. आमच्याकडे कानात ज्या घरचा रंग, जनावर त्या घरचं. त्याला कागद लागत नाही.

मग मी खाली कुस्को शहरात कामाला लागले. काम म्हणजे दगडी पायऱ्यांवर उभं राहायचं आणि फोटो काढून घ्यायचे. दोन दिवसांत शहर उरकायला आलेली माणसं धापा टाकत वर येतात, माझ्या मानेला लोंबकळतात, दात दाखवतात आणि जातात. मला ती आवडत नाहीत, स्पष्टच सांगते. त्यांच्या अत्तराने माझं नाक चुरचुरतं.

यंदा पालिकेने परवाने काढले. परवाना नसलेलं जनावर सरळ कोंडवाड्यात. बासिलियाचा अर्ज परत आला, तिच्या नणंदेचा, ग्रिमाल्दाचा, मंजूर झाला. ग्रिमाल्दाच्या सासरचा रंग हिरवा, म्हणून हिरव्या कानांना शिपाई अडवत नाही. आता कळलं ना, माझ्या कानांत काय आणि का आलं ते?

ग्रिमाल्दाने मला लांबूनच पाहिलं. स्वतःची दोन जनावरं भिंतीला बांधली आणि तरातरा आली.

"वहिनी, हे काय गं? माझ्या घरचा रंग तुझ्या जनावराला?"

"हळू बोल ना. शिपाई फिरतोय. दुपारपर्यंतच."

"दुपारपर्यंत! नवरा पण नेतेस का माझा, दुपारपर्यंत?"

"त्याला कोण नेतंय! तूच सांभाळ."

एवढ्यात राजधानीहून, लिमाहून आलेलं एक जोडपं मध्ये घुसलं. बाईच्या अंगात नवा कोरा पोंचो, लोकरीचा घोळदार अंगरखा, दुकानाची चिठ्ठी अजून लटकतेय. नवरा डोकं धरून पायरीवर बसलेला.

"अहो, काढा ना फोटो!"

"आटप लवकर. अजून तीन चर्च बाकी आहेत."

"हिला जरा इकडे बघायला सांगा. तोंड वेडंवाकडं करतेय मेली."

तिने माझा कान धरून मान वळवली. त्याच वेळी तिच्या खिशातला फोन माझ्या कानाशी खणखणला. मी दचकले. आणि दचकल्यावर अल्पाका जे करते तेच मी केलं. पोटातलं चघळलेलं हिरवं गवत थेट पोंचोवर थुंकले.

"शी! शी! बघत काय बसलात, शिपायाला बोलवा!"

शिपाई आलाच. "कोणाचं जनावर हे?"

बासिलियाने दोर सोडून हात शालीत लपवले. मी तिच्याकडे पाहत होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"कान बघा ना, साहेब. हिरवे आहेत. ग्रिमाल्दाची आहे."

ग्रिमाल्दाच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. तिने पदरातून काढावा तसा शालीतून परवाना काढला.

"हो, माझीच. ऐकलंत ना सगळ्यांनी? वहिनीनेच सांगितलं. आजपासून माझी."

शिपायाने तिला दम भरला आणि पोंचो धुऊन द्यायला सांगितलं. एवढ्याशा बोलण्यात अख्खं जनावर मिळालं तिला. तिने माझा दोर ओढला.

आत्ता मी पायऱ्या चढतेय, पाय रोवत, घसरत. आम्हा अल्पाकांना मोठ्याने हाक मारता येत नाही. आम्ही नाकातून गुणगुणतो. म्म्म. मी गुणगुणले. खाली बासिलिया भिंतीकडे तोंड करून उभी.

"अगंबाई, गातेय!" लिमाची बाई राग विसरून फोन उगारून धावली.

तुम्ही कधी आमच्या शहरात फिरायला आलात आणि माझ्यासारखी कुणी गुणगुणताना दिसली, तर त्याला गाणं समजू नका. तिचं कुणीतरी मागे राहिलेलं असतं. फोन खाली ठेवा आणि जरा मागे वळून बघा.

मी पुन्हा गुणगुणले. वळणावर ग्रिमाल्दाने दोर मनगटाला गुंडाळला. वळणापलीकडून खालचं काही दिसत नाही. मी तिथेच बसकण मारली आणि छाती फुटेस्तोवर गुणगुणले.

खालून उत्तर आलं. आधी नाकातून, माझ्यासारखं, पण बेसूर. मग शब्दांत, शिपायाच्या तोंडावर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:

"थांब ग्रिमाल्दा! साहेब, खोटं बोलले मी. परवाना नाहीये माझ्याकडे. पण पोर माझी आहे!"