दुतोंड्याचं धाकटं तोंड

दुतोंड्या सापाच्या कापडी पोटाची शिवण सासरे कात्रीने उसवत होते. सून रंगमंचामागच्या खोलीच्या दारातच थबकली. बाहेर बाहुल्यांच्या खेळाला आलेल्या मुलांचा गलका सुरू झाला होता.

"बाबा, ऐन वेळी हे काय आरंभलंत?"

"आवळतोय जरा. फार ढगळ झालाय."

साप ढगळ नव्हता. आत दोन माणसं मावावीत असाच तो बेतला होता. दंतकथेतला हा तळ्याचा राखणदार. एक तोंड उगवतीकडे ओढायचं, दुसरं मावळतीकडे, आणि या ओढाताणीत पाण्याकाठी तहानेनं मरायची पाळी यायची. थोरलं तोंड सासऱ्यांचं. धाकटं त्यांच्या मुलाचं होतं. तो गेला, तेव्हा कुणी न सांगता सुनेनं त्यात हात घातला. तेव्हापासून दोघांचं घर या सापानंच चालवलं होतं.

कितीतरी दिवस एक गोष्ट तिच्या ओठांवर यायची आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली जायची.

"बाबा, मला जरा बोलायचं होतं."

"आधी सुई ओवून दे. डोळे दगा देतात हल्ली."

तिनं सुई ओवून दिली. त्यांनी भराभर टाके घातले, दोन्ही तोंडांत एकेक हात घातला आणि धाकट्याच्या वाटचं स्वतःच चिरक्या आवाजात बोलून पाहिलं. आवाज इतका भिकार होता, की तिला हसू फुटलं. मग ते अर्ध्यावरच विरलं.

"तो चष्मेवाला," सासरे सापाकडेच बघत म्हणाले, "दर खेळाला येतो ना. मुलं हसून थांबली, तरी याचं चालूच. माणूस बरा दिसतो."

तिनं डोळ्यांना पदर लावला.

"धाकटं असं किंचाळत नाही, बाबा," ती अखेर म्हणाली. "ते आधी रुसतं."

"म्हणजे कसं?"

तिनं त्यांचं मनगट धरून हळूच वाकवलं.

"मान अशी खाली. मुलं 'बोल, बोल' करतील. जरासं थांबायचं, मगच बोलायचं."

घंटा झाली. आवळलेल्या पोटात आता दुसऱ्याला जागा नव्हती. ती बाहेर जाऊन मुलांमध्ये बसली.

पडदा सरकला. दोन्ही तोंडं कडाकडा भांडली. मग धाकट्यानं मान खाली घातली.

"बोल! बोल!" मुलं ओरडू लागली.

ते बोलेना. ओरडून ओरडून मुलं गप्प झाली, तरी बोलेना.

इतका वेळ थांबायला तिनं सांगितलं नव्हतं.